ढेपेतून दुधात: गिरणाकाठच्या एका दूध संकलन केंद्रावरील अफ्लाटॉक्सिन चाचणीचे प्रकरण

गिरणा नदीच्या काठी, भडगाव आणि एरंडोल यांच्या मधल्या पट्ट्यात, कापूस हेच मुख्य पीक असलेल्या एका गावात दूध उत्पादकांची छोटी संस्था आहे. चाळीसएक सभासद, त्यांतील बहुतेकांच्या दारात दोन-तीन म्हशी किंवा एखादी संकरित गाय, सकाळ-संध्याकाळचे संकलन आणि गोळा झालेले दूध तालुक्याच्या शीतकरण केंद्रावर पोहोचवणे, एवढाच तिचा पसारा आहे. पोळा होऊन गेला होता, पाऊस मात्र अजून पुरता उघडला नव्हता, अशा दिवसांत शीतकरण केंद्रावरून निघालेला एक टँकर प्रक्रिया करणाऱ्या डेअरीने दारातच अडवला आणि परत पाठवला. दुधात अफ्लाटॉक्सिन एम१ हे बुरशीजन्य विष मर्यादेपेक्षा जास्त आढळले, असे कारण देण्यात आले. त्या टँकरमध्ये या गावाबरोबरच इतरही अनेक गावांचे दूध होते; दोष कोणाचा हे टँकरच्या नमुन्यावरून कळणे शक्य नव्हते, त्यामुळे प्रत्येक गावाने आपापले दूध तपासून दाखवावे, असा निरोप आला. त्यानंतर या संस्थेने काय केले, जैवसंवेदकाचा, म्हणजे जैविक घटकाच्या मदतीने असे विष ओळखणाऱ्या साधनाचा, उपयोग तिला कुठे झाला आणि कुठे तो अपुरा पडला, याची ही नोंद आहे. अन्नतपासणीचा अभ्यासक या नात्याने मला या कामात बोलावले गेले होते. गावाचे, संस्थेचे आणि माणसांचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण दूषित दुधाशी एकदा जोडले गेलेले गावाचे नाव दूध शुद्ध झाल्यावरही सुटत नाही.

केंद्रावर तपासणीची साधने नव्हती असे नाही. फॅट आणि एसएनएफ (दुधातील फॅट सोडून इतर घन घटक) मोजणारे यंत्र होते. युरिया, स्टार्च आणि सोडा यांची भेसळ ओळखण्याच्या रासायनिक चाचण्या सचिव नियमाने करीत असत. या सर्व कसोट्यांवर गावाचे दूध चोख उतरत होते, आणि नेमके हेच सभासदांना पटवून देणे सर्वांत अवघड गेले. संस्थेच्या बैठकीत एका वयस्कर सभासदाने विचारले, "दूध फाटस नही, वास येस नही, मंग खराब कसं शे?" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नव्हता. दुधातील बहुतेक दोष नाकाला, जिभेला किंवा उकळताना डोळ्यांना कळतात, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा तो अनुभव खरा आहे. अफ्लाटॉक्सिन एम१ या अनुभवाच्या कक्षेत येतच नाही. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. दूध उकळल्याने किंवा पाश्चरीकरणाने ते नष्ट होत नाही. आणि भारतीय कायद्याने दुधासाठी ठरवलेली त्याची मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे वजनाने दोनशे कोटी भागांत एक भाग, इतकी सूक्ष्म आहे. युरोपीय संघाची मर्यादा याच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ०.०५ मायक्रोग्रॅम आहे. हा फरक पुढे या प्रकरणात अनपेक्षितपणे कामाला आला.

विष दुधात येते कुठून, हे समजल्याशिवाय पुढचा शोध समजणार नाही. अॅस्परजिलस फ्लेव्हस आणि अॅस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी उष्ण आणि दमट हवेत मका, भुईमूग, सरकी, मिरची अशा मालावर वाढतात आणि काही परिस्थितींत अफ्लाटॉक्सिने तयार करतात. त्यांतील बी१ हे सर्वांत घातक मानले जाते. जनावराने बी१ असलेला चारा खाल्ला की त्याच्या यकृतात त्याचे एम१ मध्ये रूपांतर होते आणि ते बारा ते चोवीस तासांच्या आत दुधात उतरू लागते. खानदेशात दुभत्या जनावराला सरकीची ढेप, म्हणजे तेल काढून उरलेली पेंड, घालतातच. ढेपेशिवाय फॅट लागत नाही, हे दूध काढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सरकीत बुरशी शिरण्याचे दोन काळ असतात. पहिला शेतातला: बोंडे उमलल्यावर परतीचा पाऊस झाला, किंवा गुलाबी बोंडअळीने बोंडाला छिद्रे पाडली, की बुरशीला आत जायला वाट मिळते. दुसरा काळ साठवणीचा: जिनिंगमधून निघालेली सरकी गाळली जाते, तेल वेगळे होते, विषाचा बहुतांश भाग मात्र ढेपेत राहतो, आणि ती ढेप पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीला टेकून महिनोन्‌महिने पडून राहते. हंगाम हिवाळ्यात संपत असल्यामुळे भाद्रपदात बाजारात मिळणारी ढेप ही वर्षातली सर्वांत जुनी ढेप असते. टँकर अडवला गेला तो नेमका याच काळात.

ही गोष्ट केवळ कागदावरच्या मर्यादेची आहे असे कोणाला वाटू नये, म्हणून बैठकीत १९७४ सालची घटना सांगावी लागली. त्या वर्षी गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या जिल्ह्यांच्या आदिवासी पट्ट्यात अवेळी पावसाने भिजलेला मका खाल्ल्याने यकृताच्या आजाराची साथ पसरली; अभ्यासकांनी नोंदवलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले, आणि घरातील तोच मका खाणारी कुत्रीही कावीळ होऊन मेली. हा मुलूख आपल्या नंदुरबारच्या सातपुड्याहून फार दूर नाही, आणि मक्याची भाकरी हेच दोन्हीकडचे अन्न आहे. अर्थात दुधाची तुलना त्या मक्याशी करणे चूक ठरेल, हेही मी तेथेच स्पष्ट केले. त्या मक्यातील विष दुधात सापडणाऱ्या विषाच्या हजारो पट होते. एम१ असलेले दूध पिऊन कोणी दुसऱ्या दिवशी आजारी पडत नाही. धोका आहे तो वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात जाण्याचा, यकृताच्या कर्करोगाचा, आणि तो सर्वांत जास्त लहान मुलांना, कारण त्यांच्या आहारात दुधाचा वाटा मोठा असतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ सालच्या देशव्यापी दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत एम१ मर्यादेपेक्षा जास्त आढळले होते. म्हणजे या गावावर काही जगावेगळे संकट कोसळलेले नव्हते. फक्त इथे ते पकडले गेले होते.

ढेपेतले किती विष दुधात येते, याचा हिशेब सभासदांसमोर फळ्यावर मांडला, आणि माझ्या मते त्या दिवशी सर्वांत उपयोगी तोच ठरला. खाल्लेल्या बी१ पैकी साधारण एक ते दोन टक्के भाग एम१ होऊन दुधात उतरतो. भरपूर दूध देणाऱ्या गायीत हे प्रमाण याहून वाढते. समजा, म्हैस दिवसाला ३ किलो ढेप खाते आणि ढेपेत किलोमागे १०० मायक्रोग्रॅम बी१ आहे. तिच्या पोटात ३०० मायक्रोग्रॅम गेले. दोन टक्क्यांनी ६ मायक्रोग्रॅम दुधात आले. दूध ८ लिटर धरले तर लिटरमागे ०.७५ मायक्रोग्रॅम झाले, म्हणजे भारतीय मर्यादा ओलांडली गेली. ढेपेऐवजी भारतीय मानक ब्युरोच्या मानकातले, किलोमागे २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेत बसणारे संमिश्र पशुखाद्य असते, तर याच हिशेबाने लिटरमागे ०.१५ आले असते. आकडे कल्पित असले तरी प्रमाण खरे आहे. ज्याने विचारले होते की दूध खराब कसे, त्याच सभासदाने हिशेब संपल्यावर विचारले की मग घरातली ढेप कशी ओळखायची. पुढचे सगळे काम खरे तर त्याच प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे होते.

पट्टी आणि तिची उलटी रेघ

प्रयोगशाळेत एम१ मोजण्याची खात्रीची पद्धत म्हणजे उच्चक्षमता द्रव वर्णलेखन, म्हणजेच एचपीएलसी. ती अचूक आहे, पण नमुना शहरात पाठवावा लागतो, खर्च मोठा असतो आणि अहवाल येईपर्यंत दूध केव्हाच पिऊन झालेले असते. रोज दोनदा दूध घेणाऱ्या केंद्राला असे साधन हवे, जे दहा-पंधरा मिनिटांत आणि केंद्राच्या टेबलावर उत्तर देईल. जैवसंवेदकाची कल्पना येथे उपयोगी पडते. जैवसंवेदक म्हणजे एखादा जैविक घटक, जसे विकर (एन्झाइम), प्रतिपिंड (अँटिबॉडी) किंवा जिवंत पेशी, आणि त्याने ओळखलेली गोष्ट मोजता येईल अशा खुणेत उतरवणारा भाग, यांची जोडणी. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर बसवण्याची कल्पना मांडली. आज घरोघरी असलेले साखर मोजण्याचे यंत्र त्याच घराण्यातले आहे. एम१ साठी विकराऐवजी प्रतिपिंड वापरतात, कारण प्रतिपिंड एका विशिष्ट रेणूला ओळखून धरतो आणि दुधातील हजारो इतर रेणू सोडून देतो. अशा प्रतिपिंडांच्या, डोळ्यांनी वाचायच्या कागदी पट्टीला काटेकोर अर्थाने जैवसंवेदक म्हणावे की प्रतिपिंड चाचणी, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पट्टीवरील रेघेचा रंग मोजणारे छोटे यंत्र, म्हणजे वाचक, जोडले की ती त्या व्याख्येच्या बरीच जवळ जाते. संस्थेने वाचकासह पट्ट्या घेतल्या.

पट्टीचे काम असे चालते. दूध पट्टीच्या एका टोकाला लागले की ते कागदातून पुढे सरकते आणि वाटेत सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांना चिकटवलेले प्रतिपिंड आपल्यासोबत घेते. हे कण लाल दिसतात. पुढे चाचणी रेघेच्या जागी अफ्लाटॉक्सिन एका प्रथिनाला जोडून आधीच बसवलेले असते. दूध स्वच्छ असेल तर मोकळे प्रतिपिंड त्या रेघेवर अडकतात आणि लाल रेघ उमटते. दुधात एम१ असेल तर प्रतिपिंड आधीच त्याने व्यापलेले असतात, रेघेवर अडकायला कोणी उरत नाही, आणि रेघ फिकट होते किंवा उमटतच नाही. त्यापुढची नियंत्रण रेघ मात्र दोन्ही वेळा उमटली पाहिजे; ती उमटली नाही तर चाचणी रद्द समजायची. म्हणजे दोन रेघा दिसल्या तर दूध चांगले, एकच दिसली तर दूषित. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या गर्भधारणा तपासणीच्या पट्टीची सवय असलेल्या मनाला हे पूर्ण उलटे वाटते, आणि प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी केंद्रावरील तरुण मदतनिसांनी स्वच्छ दुधाच्या पट्ट्या दूषित म्हणून बाजूला काढल्या. म्हणून केंद्राच्या भिंतीवर दोन्ही प्रकारच्या खऱ्या पट्ट्या चिकटवून त्यांखाली 'घ्या' आणि 'थांबा' असे लिहिले गेले. वाचकाने आकडा दाखवला तरी पट्टीकडे पाहण्याची सवय मोडू द्यायची नाही, असा आग्रह मी धरला, कारण नियंत्रण रेघ नसलेल्या पट्टीवरही कधी कधी यंत्र काहीतरी आकडा दाखवते.

एकत्र नमुना आणि त्याचे गणित

पहिल्या फेरीसाठी भारतीय मर्यादेला, म्हणजे ०.५ ला जुळणाऱ्या पट्ट्या आणल्या होत्या. चाळीस जणांचे दूध रोज वेगवेगळे तपासणे संस्थेला परवडणारे नव्हते. एका पट्टीची किंमत कित्येक लिटर दुधाच्या भावाइतकी होती. म्हणून गावाच्या भरलेल्या कॅनमधून नमुना घेतला गेला आणि पट्टीवर दोन रेघा स्वच्छ उमटल्या. सभासदांना हायसे वाटले. काही जणांनी तर हा निकाल लगेच शीतकरण केंद्राला कळवावा, असा आग्रहही धरला.

हा निकाल खोटा नव्हता, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून घेतला जात होता त्याचे उत्तर तो नव्हता. एका घरच्या दुधात लिटरमागे ०.९ मायक्रोग्रॅम एम१ असेल आणि ते दूध इतर नऊ घरांच्या स्वच्छ दुधात समप्रमाणात मिसळले, तर मिश्रणात ०.०९ उरते, ०.५ ला जुळलेली पट्टी त्याला निर्दोष ठरवते. टँकर अडवला गेला, याचा अर्थ त्यात मिसळलेल्या कित्येक घरांच्या दुधात दोष असला पाहिजे, आणि त्यातली काही घरे या गावातली असू शकतात. हे शोधायचे तर ०.५ च्या पट्टीने मिश्रण तपासून उपयोग नाही, पण प्रत्येक घर तपासणे परवडत नाही. इथे युरोपच्या कडक मर्यादेचा उपयोग झाला. ०.०५ ला जुळणारी पट्टी बाजारात मिळते. दहा घरांच्या दुधाचे सारखे सारखे मिलीलिटर घेऊन एक नमुना केला, तर त्यातील एका जरी घरचे दूध ०.५ वर गेलेले असेल तेव्हा मिश्रणात किमान ०.०५ असणारच, आणि ही संवेदनशील पट्टी ते दाखवणार. चाळीस घरांसाठी चार पट्ट्या पुरतात. ज्या गटाची रेघ जाईल त्याच गटातील दहा घरांना ०.५ च्या पट्टीने वेगवेगळे तपासायचे.

या पद्धतीला एक किंमत आहे आणि ती आधीच सांगून ठेवली होती. दहाही घरांच्या दुधात ०.०६ असेल तरी गट दूषित दिसेल, जरी भारतीय कायद्याने त्यातील प्रत्येक घराचे दूध विकायला योग्य आहे. म्हणजे पहिल्या पायरीवर विनाकारण घाबरवणारे निकाल काही वेळा येणार. मला हे मान्य करण्यासारखे वाटले, कारण दुसरी पायरी ती चूक दुरुस्त करते, तर पहिल्या पायरीवर सुटून गेलेले दूषित दूध दुरुस्त करायला नंतर कोणीच नसते. अट एकच होती: नमुना कॅनमधून नव्हे, तर प्रत्येकाच्या भांड्यातून, ढवळून, सारख्या मापाने घेतला पाहिजे. गल्लीनिहाय चार गट पाडले गेले. सकाळच्या दुधाच्या चाचणीत दोन गटांची रेघ गेली, आणि त्या गटांतील घरे वेगवेगळी तपासल्यावर मोजक्या काही घरांवर बोट ठेवता आले.

पोत्यातून मूठभर

त्या घरांत काय समान होते? जनावरांची जात सारखी नव्हती, गोठे सारखे नव्हते, एक घर तर गावातले सधन, सिमेंटच्या पक्क्या गोठ्याचे होते. समान होती ती ढेप. सगळ्यांनी पावसाळ्याच्या मध्यात तालुक्याच्या बाजारातून सुटी ढेप आणली होती आणि ती जमिनीवर, भिंतीला लागून रचली होती. ढेपेतील विषाच्या चाचणीसाठीही याच प्रकारच्या, पण बी१ ओळखणाऱ्या पट्ट्या मिळतात. ढेप दळून, अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणात हलवून, गाळून ते पाणी पट्टीवर टाकायचे असते. उत्साहात दोन तरुण सभासदांनी प्रत्येक पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठ-मूठ ढेप आणली आणि तपासली. बहुतेक पोती निर्दोष निघाली.

दूध एकीकडे आणि ढेप दुसरीकडे बोट दाखवू लागली, तेव्हा काही सभासदांचा पट्टीवरचाच विश्वास डळमळला. अन्नातील बुरशीजन्य विषांबद्दल जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते याच ठिकाणी सांगितले पाहिजे. बुरशी पोत्यात सारखी पसरत नाही. ओल जिथे पोहोचली तिथे, एखाद्या कोपऱ्यात, एखाद्या ढेकळात ती वाढते आणि त्या ढेकळात विष अतोनात असते, तर हातभर अंतरावरची ढेप स्वच्छ असते. म्हणून मूठभर नमुन्याची चाचणी कितीही अचूक असली तरी ती फक्त त्या मुठीबद्दल बोलते. या प्रकारच्या तपासणीत चुकीचा सर्वांत मोठा वाटा यंत्राचा किंवा पट्टीचा नसून नमुना घेण्याचा असतो, हे धान्य तपासणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. दुधाचे तसे नसते. दूध स्वतःच एकजीव असते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे म्हैस ते पोते कणाकणाने, अनेक दिवस, वरपासून तळापर्यंत खात असते. तिच्या यकृतातून गाळून आलेले दूध म्हणजे सबंध पोत्याचा सरासरी नमुना असतो, असा नमुना जो कोणताही तपासनीस पोत्यात हात घालून काढू शकणार नाही. म्हणून ढेपेबद्दल पोत्यातली मूठ आणि दूध यांत वाद झाला तर मी दुधावर विश्वास ठेवतो. गायी-म्हशींनी आपल्यासाठी नमुना घेण्याचे अवघड काम आधीच केलेले असते. दुर्दैव इतकेच की ते त्यांच्या पोटाच्या आणि आपल्या मुलांच्या किमतीवर होते.

पोती पुन्हा तपासली गेली, पण या वेळी रीतसर. प्रत्येक पोते ओतून, तळ, मधला भाग, कडा आणि भिंतीकडची बाजू अशा अनेक ठिकाणांहून ढेप घेऊन, ती सगळी एकत्र दळून, नीट मिसळून त्यातला थोडा भाग तपासला. आता रेघा गेल्या. सधन घराच्या पक्क्या गोठ्यातील पोत्यांत भिंतीकडच्या बाजूला करड्या-हिरव्या रंगाची जाळी स्पष्ट दिसली. बाकीच्या घरी डोळ्याला काहीच दिसले नाही, आणि तेथेही पट्टीने विष दाखवले. उन्हात वाळवली तर ढेप सुधारेल का, असे अनेकांनी विचारले. वाळवल्याने पुढची बुरशी थांबते, तयार झालेले विष जात नाही, हे सांगणे कठीण होते, कारण पोत्यात गुंतलेला पैसा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

ढेप बंद करून त्या घरांनी काही दिवस कडबा, हिरवा चारा आणि मानकाची खूण असलेले संमिश्र पशुखाद्य यांवर जनावरे ठेवली. दूध थोडे घटले, फॅट घसरले. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत एकेका घराच्या दुधावर दुसरी रेघ परत उमटली. एम१ चा उगम चाऱ्यात असला की चारा बदलल्यावर ते तीन-चार दिवसांत दुधातून ओसरते, हे शास्त्राला माहीत आहेच. पण गावासाठी ढेप हेच कारण असल्याचा यापेक्षा मोठा पुरावा कोणत्याही कागदाने दिला नसता.

त्या दिवसांतले दूध

मधल्या चार-पाच दिवसांतील दुधाचे काय करायचे, हा प्रश्न या प्रकरणातला सर्वांत कळीचा होता, आणि तंत्रज्ञानावरच्या बहुतेक लिखाणात तो येतच नाही. संस्थेने दूध नाकारले असते तर ते ओतून दिले गेले असते असे समजणे भाबडेपणाचे आहे. ते बसस्थानकाजवळच्या चहाच्या टपरीवर गेले असते, किंवा खव्याच्या भट्टीवर. एम१ दुधातील केसीन या प्रथिनाला चिकटून राहते, त्यामुळे पाच-सहा लिटर दूध आटवून केलेल्या किलोभर खव्यात ते जवळपास सगळे उतरते आणि किलोमागचे प्रमाण उलट वाढते. म्हणजे केंद्रावरची पट्टी धोका शोधून तो फक्त दुसऱ्याच्या ताटात ढकलून मोकळी झाली असती. दूषित दूध चांगल्या दुधात मिसळून प्रमाण मर्यादेखाली आणणे ही दुसरी पळवाट होती, आणि टँकरमध्ये नकळत तेच घडत आले होते.

संस्थेच्या अध्यक्षांनी, ज्यांना गावात सगळे नाना म्हणतात, एक बाजू ठामपणे घेतली. त्यांचे म्हणणे असे की ज्याच्या घरी दोन म्हशींवर संसार चालतो त्याला आठवडाभर शून्य पैसे देऊन त्याच्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा करता येणार नाही. बरीच चर्चा होऊन असे ठरले की ज्या घरी पहिल्यांदाच दोष सापडतो त्या घराचे दूध संस्था मोजून घेईल, राखीव निधीतून निम्मा भाव देईल आणि ते दूध विक्रीच्या दुधापासून वेगळे ठेवून नष्ट करेल. दुसऱ्यांदा त्याच कारणाने दोष आला तर ही सवलत नाही. नष्ट करायचे दूध वासरांनाही पाजायचे नाही, हे वेगळे सांगावे लागले. या निम्म्या भावाला काहींनी दया म्हटले. माझे मत वेगळे आहे. तो तपासणीच्या खर्चाचाच भाग आहे, पट्टीच्या किमतीइतकाच आवश्यक. तो नसेल तर लोक दूध तपासायला आणणारच नाहीत, आणि न आणलेल्या दुधाची चाचणी जगातला कोणताही संवेदक करू शकत नाही.

प्रत्येक दूषित घराच्या दुधाचा एक नमुना बर्फाच्या पेटीतून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवला गेला होता. अहवाल आले तेव्हा त्या घरांचे दूध केव्हाच स्वच्छ झालेले होते. अहवालांनी पट्टीचे निकाल खरे ठरवले. एका घराचा निकाल मर्यादेच्या किंचित खाली आला, जो पट्टीने वर दाखवला होता. असे होणारच. गाळणी म्हणून वापरायची पट्टी अशीच बनवलेली असते की शंका आल्यास तिने 'थांबा' म्हणावे. पण याच कारणामुळे पट्टीच्या एकट्या निकालावर कोणावर कारवाई करणे किंवा नुकसानभरपाई मागणे योग्य नाही. ढेप विकणाऱ्या दुकानदाराकडे सभासद गेले, तेव्हा त्याने नेमके हेच सांगितले, आणि शिवाय विचारले की ढेप माझ्याकडून नेताना खराब होती की तुमच्या भिंतीपाशी खराब झाली. याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. सुट्या ढेपेवर ना गट क्रमांक, ना तारीख, ना खूण. आणि विकत घेतली त्या दिवशीचा नमुना कोणी राखून ठेवलेला नव्हता. नियमन संमिश्र पशुखाद्याच्या शिवलेल्या पोत्यापर्यंत पोहोचले आहे, पण खानदेशातल्या गोठ्यात जाणारी बरीचशी ढेप त्या पोत्याबाहेरची आहे, ही खरी उणीव आहे आणि ती कोणत्याही पट्टीने भरून निघणारी नाही.

बैठकीत आणखी एक प्रश्न आला: याच यंत्राने कापसावर फवारलेली औषधे दुधात किंवा विहिरीच्या पाण्यात आली आहेत का, तेही कळेल का? कळणार नाही. ही पट्टी एकाच रेणूला ओळखते. सेंद्रिय फॉस्फरस गटातील कीटकनाशकांसाठी वेगळे जैवसंवेदक आहेत. त्यांत ॲसिटिलकोलिनइस्टरेज हे विकर वापरतात, आणि विष असेल तर विकराचे काम मंदावते, त्यावरून अंदाज घेतात. ते एका गटातील अनेक औषधांना मिळून एकच इशारा देतात, नेमके औषध सांगत नाहीत. विहिरींसाठी तो विषय स्वतंत्रपणे हाती घेण्यासारखा आहे. एका पट्टीकडून सगळ्याची अपेक्षा ठेवली तर जे ती खरोखर करू शकते त्यावरचाही विश्वास जातो.

साठवणीचा एक साधा मुद्दा सुरुवातीला कोणाच्या लक्षात आला नव्हता. प्रतिपिंड हे प्रथिन आहे, उष्णतेने ते निकामी होते. आणि जळगाव-भुसावळच्या बाजूला वैशाखात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, पत्र्याच्या छपराखालचे केंद्र त्याहून तापते. केंद्रावर फ्रिज नसल्याने पट्ट्यांचा डबा गावातील औषध दुकानाच्या फ्रिजमध्ये ठेवला जातो. तेथून आणलेले पाकीट लगेच फोडायचे नाही, कारण गार पट्टीवर हवेतली वाफ बसून कागद ओलावतो. ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचे. प्रत्येक नव्या डब्यातील पहिली पट्टी खात्रीच्या स्वच्छ दुधावर आणि दुसरी विष मुद्दाम घातलेल्या, कंपनीकडून मिळणाऱ्या नियंत्रण नमुन्यावर चालवून नोंदवहीत चिकटवायची, असाही नियम झाला. वीज वारंवार जाते तेव्हा दुकानाच्या फ्रिजवर किती भरवसा ठेवायचा, हे या दोन पट्ट्याच सांगतात.

सध्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत आठवड्यातून एकदा चार गटांची चाचणी होते आणि इतर महिन्यांत पंधरवड्याने. ढेप सुटी विकत घेण्याऐवजी संस्थेने हंगाम सुरू झाल्यावर जिनिंगलगतच्या तेल गिरणीतून सभासदांसाठी एकत्र खरेदी करायचे ठरवले आहे, या अटीवर की गाडी उतरवण्याआधी अनेक पोत्यांतून घेतलेला, एकत्र दळलेला नमुना तपासला जाईल आणि त्याचा एक भाग सीलबंद करून दोन्ही पक्षांकडे राहील. गिरणीमालकाने पहिल्या गाडीपुरती ही अट मान्य केली आहे; त्यापुढच्या खरेदीबाबत, आणि रेघ गेली तर गाडीचे भाडे कोणी सोसायचे याबाबत, बोलणी चालू आहेत.